बिनखिशाचे एप्रन

एका औषधाचं पेटंट किती वर्षं चालावं यावरून दोन देशांचं जुंपलेलं भांडण एकदाचं मिटलं. मुदत तीन वर्षांनी वाढली. तोवर ते औषध दुसऱ्या कुणी स्वस्तात विकायचं नाही, साठवूनही ठेवायचं नाही. मुदत संपेल या आशेवर इथल्या एका कारखान्याने त्याच औषधाच्या करून ठेवलेल्या गोळ्यांचा चुरा करायचा हुकूम आला.

गोळ्यांच्या मशीनवरचा कारागीर दिवसभर चुरा करत राहिला. त्याच्या बायकोला हीच गोळी लागते, हे साहेबांना ठाऊक होतं.

"मनाला लावून घेऊ नका," साहेब म्हणाले.

"छे. कामच आहे," तो म्हणाला.

साहेबांची पाठ वळल्यावर एकदाच मूठभर गोळ्या त्याच्या हातात राहिल्या आणि हात आपसूक कमरेकडे गेला. तिथे खिसा नव्हता. कुणी काही उचलू नये म्हणून इथल्या एप्रनना खिसे लावतच नाहीत. हात घसरून खाली आला. मग त्याने मूठ मशीनमध्ये रिकामी केली.

घरी बायको विकतची गोळी सुरीने अर्धी करत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, खिशाचंही. अर्धी गोळी गिळून ती शिलाई मशीनवर जाऊन बसली.

"खिसे नकोत म्हणाले, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तेवढंच शिवण वाचलं," ती म्हणाली, आणि तिने कारखान्याचा पुढचा एप्रन सुईखाली सरकवला.