मिटणारं पातं

सावळीरामने भर कोर्टात चाकू उघडला आणि समोरच्या फळीत सगळ्या ताकदीनिशी खुपसला.

पहिल्या घावाला टोक जेमतेम रुतलं. दुसऱ्या घावाला ते तिरपं लागलं आणि पातं उलटं फिरून त्याच्याच बोटांवर मिटलं. रक्त फळीवरून खाली गळू लागलं. कुणीतरी रुमाल पुढे केला. सावळीरामने तो घेतला नाही.

“बघा साहेब,” तो न्यायाधीशांना म्हणाला, “हा मिटता चाकू. याच्या पाठीला नुसती पट्टी असती. ती पात्याला दाबून धरती, अडकवत नाय. कलम करा, फळं चिरा, काय होत नाय. पण माणसाला भोसकलं आन् हाड लागलं, की पातं मिटतं आन् भोसकणाऱ्याची बोटं चिरतं. माझ्या योगेशच्या छातीची चाळण केली मारणाऱ्यानं. आन् या वाल्मीकच्या हाताला साधा ओरखडा नव्हता.”

आरोपीच्या पिंजऱ्यात वाल्मीकने हात जोडले. मागच्या बाकावरून सावळीरामची बायको लंकाबाई उठली आणि नवऱ्याकडे न बघता बाहेर निघून गेली.

योगेश त्या दोघांचा एकुलता एक मुलगा. ऐन दिवाळीत दिंडोरीजवळच्या त्यांच्याच द्राक्षबागेत तो मरून पडलेला सापडला. अंगाखाली वाल्मीकचा चाकू होता, रक्ताने माखलेला. वाल्मीक कलमं करणारा. काळ्या शिंगाच्या मुठीचा त्याचा चाकू सगळ्या गावाच्या ओळखीचा होता. सावळीरामच्या तर फारच. त्याला मिटत्या चाकूंचा नाद होता. नाशिकला गंगेवर, गोदावरीच्या काठी, बुधवारचा बाजार भरला की भंगारवाल्यांपुढे बसून तो पितळी, शिंगाचे, हाडाच्या मुठीचे चाकू निवडून आणायचा, तेल देऊन पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. वाल्मीकचा चाकू त्याने कितीदा मागितला होता. “बापाचा हाय, नाना,” म्हणून वाल्मीक द्यायचा नाही.

चाकू आदल्या दिवशीच हरवला, असं वाल्मीक पोलिसांना सांगत राहिला. योगेशने मजुरांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती, हेही खरंच होतं. पण योगेश तापटच. त्याने कुणावर हात टाकला नव्हता? आणि चितेची लाकडं रचताना वाल्मीकचे दोन्ही तळहात, बोटांसकट, सावळीरामने स्वतः पाहिले होते. स्वच्छ होते.

वाल्मीक सुटला. त्या दिवशी लंकाबाईने पिशवी भरली.

“कुठं निघालीस?”

“नांदगावला. भावाकडं.”

“अगं, वाल्मीकला लटकवून खरा मारणारा सापडणार होता का?”

“आन् आता सापडणार हाय? तुमच्या पेटीतनं निघणार हाय व्हय तो?”

“बोटं कापलेली असत्याल त्याची. बोटं किती दिवस लपवील?”

“मंग सापडला की सांगावा धाडा,” ती म्हणाली. “तवर या घरचं पाणी मला नको.”

सावळीराम बोटं बघत सुटला. चहा घेणाऱ्याची, तंबाखू मळणाऱ्याची, एसटीत दांडा धरलेल्याची. वाल्मीक आता त्याच्याच बागेत राबत होता. जास्त मजुरी मागत नव्हता, सांगेल ते काम करत होता. सावळीरामला तेवढीच सोबत.

एका सकाळी शेजारच्या शेतातला चंदर फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन आला. पाणी प्यायला त्याने हातातले रबरी मोजे उतरवले. उजव्या हाताच्या चारही बोटांवरून एक सरळ पांढरा व्रण गेला होता.

“हे कशानं रे?”

“कडबाकुट्टीच्या मशिनीत गेली, नाना. थोडक्यात वाचली.”

“कधी?”

“दिवाळीत.”

सावळीरामने हातातला तांब्या खाली ठेवला. गेल्या साली बांधावरच्या वाटेवरून योगेशने या चंदरला चिखलात लोळवलं होतं. सावळीरामने वळून फावडं उचललं.

पहिला घाव खांद्यावर बसला. चंदर ओरडला, “नाना, काय करता!” दुसऱ्या घावाला जबडा फुटला आणि पुढचं बोलणं रक्तात गेलं. तो वेलींखालून सरपटत पळू लागला. सावळीरामने त्याचा पाय धरून ओढला आणि दांड्याने तो हात ठेचला, ती बोटं, पुन्हा पुन्हा, चिखल आणि मांस एक होईपर्यंत.

“बोल! कितीदा भोसकलंस? बोल!”

चंदरला बोलता येत नव्हतं. तो नुसती मान हलवत होता. सावळीरामने फावडं त्याच्या डोक्यावर उगारलं.

मागून वाल्मीकने त्याला कवेत आवळलं.

“सोडा, नाना! मरंल तो!”

“मरू दे! माझ्या पोराला खाल्लं यानं!”

“यानं नाय मारलं.”

“त्याची बोटं बघ आधी!”

“यानं नाय मारलं, नाना.”

वाल्मीकने फावडं हिसकावून लांब फेकलं. चंदरच्या तोंडाला त्याने आपला गमछा बांधला आणि बाकीच्या मजुरांना हाका मारल्या. दोघे धावत आले. त्यांनी चंदरला उचलून रस्त्याकडे नेलं. मग वाल्मीक विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेला. सावळीराम धापा टाकत तारेच्या खांबाला टेकून राहिला.

वाल्मीक परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्याने सावळीरामच्या तळहातावर ठेवलं.

चाकू होता. सावळीरामने सवयीने नखाने पातं उघडलं. खट् असा आवाज झाला. मुठीच्या पाठीला खटका होता, तो पात्याच्या खाचेत जाऊन बसला. पातं त्या शिंगाच्या मुठीच्या चाकूइतकंच लांब, तेवढंच रुंद. सावळीरामने पात्याची पाठ खांबावर टेकवली आणि अंगाचा सगळा भार टाकला.

पातं हललं नाही.

“तुम्ही मला फासावरनं उतरवलं, नाना,” वाल्मीक म्हणाला. “तुमच्या हातनं बिनगुन्ह्याचा माणूस मरताना मला बघवत नाय. योगेशखाली सापडला तो झटापटीत माझ्या खिशातनं पडला होता. हातात हा होता.”