कालची टेप

शाळेच्या सर्व्हरची डिस्क मेली होती, सगळे गुण तिच्यातच होते आणि निकाल चार वाजता लागायचा होता. इंजिनिअरने सकाळपासून बॅकअपच्या सॉफ्टवेअरशी डोकेफोड केली, केबल बदलली, शेवटी टेपच्या ड्राइव्हमध्ये कुणीतरी विसरलेली टेप पुसून तिच्यावरच चाचणी घेतली. ड्राइव्ह ठणठणीत. "काका, कालची टेप द्या," तो बॅकअप सांभाळणाऱ्या काकांना म्हणाला. काकांनी छाती फुगवून कपाट उघडलं. दोनशे टेपा, प्रत्येकीवर मोत्यासारख्या अक्षरात तारीख आणि वरचं प्लास्टिक जसंच्या तसं. "प्लास्टिक का नाही काढलं?" "नव्या वस्तूवर धूळ बसते." "मग रोजचा बॅकअप कशावर घेता, कपाळावर?" "पहिल्या दिवशी ड्राइव्हमध्ये घातली ना, तिच्यावरच. कालचाही तिच्यावरच." इंजिनिअर मटकन खाली बसला. काकांनी पाणी पाजलं आणि एक टेप मायेने पुढे केली. "घ्या, हिच्यावर आजची तारीख घातलीय."