घुमटाखालची कुजबुज

समजा, तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे आणि शेजारी बसलेल्या तुमच्या लाडक्या माणसाला ती ठाऊक नाही. ती सांगणार नाही, असा शब्दही तुम्ही दिलेला आहे. जमेल दिवसभर?

आपल्या गोष्टीतल्या मुलीला तेच करायचं होतं.

आदल्या दिवशी तिला पलंगाखाली एक भरलेली बॅग दिसली. "ही कुणाची?" तिनं विचारलं.

बाबा जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "आजोबांची. बदलीच्या गावी घर लहान मिळालंय. त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचंय. उद्या जुनं शहर बघायला म्हणून नेऊ. तू असलीस की ते निमूट येतील. पण चकार शब्द काढायचा नाही हं!"

ती खूप रडली. पण शब्द दिला.

सकाळी आईनं तिची वेणी घट्ट घातली, पण निरोपाला दारात काही आली नाही. आजोबांना तोंड दाखवायला लाजत असेल, मुलीला वाटलं. गाडीत बसताच तिनं आपला लाल मफलर आजोबांच्या गळ्यात गुंडाळला आणि गाठ मारली.

"अगं ठमाकाकू, मी काय कुकुलं बाळ आहे?"

"गप्प बसा. थंडीत कान सांभाळायचे असतात."

किल्ल्याच्या निसरड्या पायऱ्या तिनं त्यांना हात धरून चढवल्या. बुरुजावर बसून दोघांनी बिस्किटं खाल्ली. शेवटच्या बिस्किटावरून एरवी त्यांची मारामारी व्हायची. आज आजोबा म्हणाले, "तू घे." ती म्हणाली, "छे, तुम्हीच घ्या." शेवटी ते चिमण्यांना मिळालं.

"तुझी वेणी तुझी तुला घालता येते का गं?" आजोबांनी मध्येच विचारलं.

"वाकडी येते. का?"

"काही नाही. सहज."

दुपारी ते घुमटाखाली गेले. तिथं एका भिंतीशी कुजबुजलं की पार पलीकडच्या भिंतीशी ऐकू येतं. मुलगी एका टोकाला उभी राहिली, आजोबा दुसऱ्या टोकाला. सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं तिच्या. पण दिलेला शब्द आठवला.

"आजोबा, भिऊ नका," ती एवढंच कुजबुजली.

तिनं भिंतीला कान लावला. मग आवाज आला, "तूसुद्धा. आणि माझ्यावर रागावू नकोस."

वेडेच आहेत, तिला वाटलं. यांच्यावर कोण रागावेल?

"चला, एकच ठिकाण राहिलंय," बाबा घड्याळ बघत म्हणाले.

गाडी एका उंच दगडी फाटकाशी थांबली. मुलीनं आजोबांचा हात घट्ट धरला. "उतरा आजोबा. मी आहे ना."

ती उतरली. आजोबा मात्र जागचे हलले नाहीत.

फाटक उघडलं. आत अंगणात दहा-बारा मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. वसतिगृहाच्या बाईंनी बाबांच्या हातातून पलंगाखालची ती बॅग घेतली आणि मुलीकडे बघून हसल्या. "ये बाळ. तुझी खाट खिडकीशी ठेवलीय. वेणी आम्ही घालू हं, आजोबांनी फोनवर बजावून सांगितलंय."

मुलीनं वळून पाहिलं. आजोबा मान खाली घालून बसले होते.

ती गाडीपाशी गेली. सकाळी स्वतः मारलेली गाठ तिनं सोडली, मफलर काढून आपल्या गळ्यात गुंडाळला आणि मागे न बघता फाटकातून आत गेली.