बांधाच्या अलीकडे

राघोने करपलेलं भात दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि तो मटकन खालीच बसला.

भाताच्या बुंध्याशी तिवर उगवलं होतं. खाचरभर! वीतभर उंचीची, जाड पानांची, तेल चोपडल्यासारखी तजेलदार रोपं. आणि त्यांच्याभोवतीचं भात शेंड्याकडून वाळत चाललेलं. तिवराने राहावं बांधापलीकडे, खाडीच्या चिखलात, खारफुटीत. शेतात त्याचं काय काम?

अंजूरच्या या टोकाला आता हे एकच शेत उरलंय. बाकी सगळी गोदामं. भावकीने जमिनी विकल्या, राघो मात्र न्हाय म्हणजे न्हाय. वर्षाचा तांदूळ इथूनच घरात येतो. हे गेलं की संपलं.

साहजिकच राग निघाला बायकोवर. बेणणी ठमाबाईनेच केली होती. डोळे काय खुंटीला टांगले होतेस, इथपासून सुरू करून तो बरंच काही बोलला. सगळं सांगण्यासारखं नाही.

ठमाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, दिसली होती की. श्रावणात बेणताना एकेक रोप दिसलं आणि तिने एकेक जपलं. आजूबाजूचं गवत काढून त्यांना मोकळी हवा दिली. दुसरं काय करणार? नवी नवरी होती तेव्हा सासूने याच बांधावर तिचा हात तिवराच्या खोडावर ठेवून वदवून घेतलं होतं, तिवराला कधी कोयता लावणार नाही. तिवर हाय तर बांध हाय, बांध हाय तर भात हाय. गावातली प्रत्येक सून हे बोललेली. तिवर बांधाच्या कुठल्या बाजूचं, ते काही सासूने सांगितलं नव्हतं. त्या बिचारीला तरी काय ठाऊक, असाही दिवस येईल!

राघोने एक रोप मुळासकट उपटलं. खड्ड्यात पाणी जमलं. त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू करून थुंकला. निव्वळ मीठ.

गोदामात ड्युटीला असणारा त्यांचा मुलगा, जीवन, मोबाइलवर बघून सांगायचा की हवा तापतेय, दर्या तापून फुगतोय, तिवर आत सरकत येणार. राघो हसायचा. दर्या काय दूध हाय, तापलं का वर यायला?

आता तो धडपडत बांधावर चढला. पदर खोचून ठमाबाई मागोमाग.

पलीकडचं तिवर मेलं होतं. उभ्या उभ्या! पान नाही, पाखरू नाही, कमरेएवढ्या पाण्यात नुसते पांढरे सोट. शिमग्यानंतर बांधाला चिखल लावायला आला तेव्हा झाडं पिवळी दिसली होती त्याला. ऊन लागलं असेल म्हणून तो घरी गेला होता.

ठमाबाईने नवऱ्याचा दंड धरला.

"भरती उतरू द्या," ती म्हणाली. "पाणी मागं गेलं का मंग बघू काय करायचं ते."

राघोने सूर्याकडे पाहिलं. बोटांवर तिथी मोजली. पुन्हा मोजली.

"भरती कदीच उतरली, ठमे," तो म्हणाला. "ही ओहोटी हाय."