आतला खिसा

"आणि पहिल्या रेकॉर्डवरची ती किंकाळी?" मासिकवाल्यानं विचारलं. एक्स्ट्रीम मेटलच्या या नावाजलेल्या बँडचा इतिहास लिहायला तो गायकाच्या घरी आला होता. "कशी काढलीत?"

"तळघरात. ओरडून ओरडून घसा सोलून घेतला," गायक म्हणाला.

खिडकीपाशी त्याची आई त्याच्या जुन्या काळ्या जाकिटाचं अस्तर टाचत होती. संध्याकाळी फोटो होते, आणि जाकीट तेच हवं होतं. बँडची गाणी तिनं दाराआडून ऐकलेली. ड्रम असे उधळलेले की मांडणीवरच्या बशा नाचाव्यात, गिटार खर्जात घरघरणारी, आणि वर तिच्या लेकाचं गुरगुरणं. पहिली रेकॉर्ड मात्र त्यानं घरात कधी लावली नव्हती. "ती तुला झेपायची नाही गं," म्हणायचा.

मासिकवाल्यानं आपला फोन स्पीकरला जोडला.

"आत्ता नको. आई बसलीय."

"लावा हो," आई म्हणाली. "इतकी वर्षं बशा सांभाळल्यात मी. आज काय नवीन फुटणार आहे?"

आधी ड्रम नव्हते, गिटार नव्हती. नुसता एक आवाज. पोटातून उठला, छातीत अडला, आणि मग कुणाचाच उरला नाही असा सुटला.

आईची सुई अस्तरातच राहिली.

इस्पितळाचा तो बोळ. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली, आणि पुढे आपल्या तोंडून काय निघालं ते तिचं तिला कळलं नव्हतं. कळलं होतं एवढंच, की लेकानं तिला घट्ट कवेत घेतलंय. गालाला त्याचं हेच जाकीट लागत होतं, आणि आतल्या खिशातलं काहीतरी टणक टोचत होतं. तो खिसा तिनंच शिवून दिला होता. "सुचलेली चाल पळून जाते गं आई, रेकॉर्डर सतत जवळ लागतो," असं म्हणाला होता तो. नवऱ्यामागं ती जगली ती त्या एका मिठीच्या उबेवर.

किंकाळीवर ड्रम कोसळले. मासिकवाल्यानं डोळे मिटून घेतले. "काटा आला अंगावर! माणसाचा आवाज वाटतच नाही."

मुलगा मान खाली घालून बसला होता.

आईनं दातानं दोरा तोडला. जाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं, खिसा वर येईल असं.

"याच्यापुढं तू म्हणाला होतास," ती हळू आवाजात म्हणाली, "'आई, मी आहे ना.' तेवढं का रे कापलंस?"

टेबलावर मासिकवाल्याच्या रेकॉर्डरचा लाल ठिपका जळत होता. आई लेकाकडं बघत राहिली. त्याचा हात उचलला गेला. तिच्यापर्यंत आला नाही, रेकॉर्डर बंद करायला गेला.