फाटकावरचा फळा

शहराबाहेरच्या त्या अठरा घरांच्या वसाहतीत सलग सुट्ट्यांमध्ये तीन घरं फुटली. हवालदार आला, तसं निवृत्त हेडमास्तरांनी त्याला फाटकाशीच गाठलं.

"चोर शोधायला लांब जायला नको. कोपऱ्यातला नवा भाडेकरू धरा. कुठे जातो, कधी येतो, कुणाला थांगपत्ता लागू देत नाही. इथला प्रत्येक जण बाहेरगावी जाताना मला सांगून जातो. हा पठ्ठ्या त्याच सुट्ट्यांत चार दिवस गायब होता, पण अवाक्षर बोलला नाही!"

"म्हणजे त्याचंही घर बंदच होतं की."

"तेच तर! चार घरं बंद होती, आणि नेमकं त्याचंच तेवढं फुटलं नाही. आता काय समजायचं ते तुम्हीच समजा."

फाटकाच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून लावलेला फळा हवालदार वाचत होता. 'घर क्रमांक ३, ७ आणि १२ रविवारपर्यंत बंद. अनोळखी माणसांवर सर्वांनी लक्ष ठेवावे.'

"अक्षर अगदी मोत्यासारखं आहे," तो म्हणाला. "कुणाचं हो, मास्तर?"