लाटसाहेबाचं घर, कमरीपेठ

वास्तुशांतीची शेवटची पंगत उठली, तरी गणपतचं तोंड काही उतरेना. हणमंत कापडवाला सकाळपासून खांबाआडून त्याच्याकडंच बघत होता. गणपतनं पुरणाच्या पाच पोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं आणि हात धुता धुता म्हणाला, "लई झोकात बांधलंस, अण्णा." तेही मनापासून. दोन वर्षं खपून हणमंतनं हा डोंगराएवढा बंगला उभा केला होता तो ह्या चुलतभावाची झोप उडावी म्हणून. त्याला पोळ्या पचाव्यात म्हणून नव्हे.

घराचं चित्र मँचेस्टरहून आलं होतं, मलमलीच्या गाठीवर चिकटून. कुण्या लाटसाहेबाचं गावाकडचं घर. खाली मुंगीच्या पायासारखं बारीक इंग्रजी. रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढून म्हातारे झालेल्या बाळाचार्यांनी ते वाचून सांगितलं, की मधला भाग खापरपणजोबाचा, उजवा आजोबाचा आणि डावा नातवानं घाईत जोडलेला, म्हणून तो दीड हात बुटका. तिकडं तीनशे वर्षं वाढत गेलेलं घर हणमंतनं हुबळीच्या कमरीपेठेत दोन वर्षांत उठवलं, आणि डावा भाग दीड हात बुटकाच ठेवला. गवंडी म्हणाला, सारखा करू. हणमंत म्हणाला, साहेबाला कळत नव्हतं होय? बारा धुराडी झाली. चूल एकच, तीही मागच्या पडवीत. दारात कुणी हाक मारली, तर त्याची बायको सरस्वती चुलीपासून पुढं येईतो पाहुणा धारवाडला परत पोचलेला असे. खोटं वाटत असेल तर त्या पाहुण्यालाच विचारा.

रस्त्यापलीकडं गणपतचं घर. दोन खणांचं, पुढं दगडी कट्टा. गणपत रंगारी. अंगणात रंगाचे रांजण, बांबूंवर ओल्या साड्या. हणमंतनं पुढची कुठलीही खिडकी उघडावी, तर आत यायचा निळीचा वास, आणि समोर दिसायचं गणपतचं धोतर.

"त्या लाटसाहेबाच्या खिडकीपुढं अख्खं गाव होतं," एका संध्याकाळी हणमंतच्या खिडकीशी बसून बाळाचार्य पानाला चुना लावत म्हणाले. "त्याच्या डोळ्यांत ते सलायचं. मग गाव उठवलं, कोसभर मागं नेऊन वसवलं, आणि तिथं तळं खोदलं. अहो, घर बाहेरून दिसतं ते लोकांना. धन्याच्या वाट्याला खिडकीतनं दिसेल तेवढंच."

दुसऱ्याच सकाळी हणमंत रस्ता ओलांडून गेला.

"गण्या, तारिहाळच्या वाटेवरचा मळा तुला देतो. विहीर आहे. साड्या वाळवायला वारा आहे. पण ऊठ इथनं."

गणपत कट्ट्यावर बसून बशीत चहा ओतत होता.

"छे छे, अण्णा. रोज हितं बसून तुझा बंगला बघालोय. ऊन पहिल्यांदा मधल्या कमानीवर येतंय, मग उजवीकडं उतरतंय. अन् त्यो डावीकडचा बुटका तुकडा तर सगळ्यात ग्वाड. एवढं हौसेनं बांधलंस, बघायला माणूस नको व्हय?"

हणमंत परत आला तो पार जळूनच. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. पहाटेच तो खिडकीशी जाऊन उभा राही. खाली गणपत भुरके मारत बसलेला. चहाबरोबर आपलं घरच तो घोटाघोटानं पितोय, असं हणमंतला वाटे. आपल्यालाही दिसावं म्हणून त्यानं रस्त्यात उभं राहून पाहिलं. मान अवघडली, आणि दिसलं नुसतं दार. एक पाऊल मागं सरकला तर गाडीवान ओरडला, "सरी री, बाजूला!" कमरीपेठेचा रस्ता तो केवढा. सगळं घर एका नजरेत मावावं अशी जागा पेठेत एकच होती, आणि तिच्यावर गणपत मांडी घालून बसला होता.

महिनाभर हे सोसून हणमंतनं भाऊबंदांतले चार वडीलधारे बोलावले. मध्ये विडा ठेवला आणि म्हणाला, घराला घर बदलायचं.

सरस्वतीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? एवढा बंगला देऊन दोन खण घ्यायचे?"

"तो रोज बघतो. माझं घर, आणि बघतो तो."

गणपतनं बराच वेळ डोकं खाजवलं. "तुझ्या मनात असंल तर माझी ना नाही, अण्णा. पण मागनं बोल लावू नकोस." विडा उचलला गेला, कागद झाला. गणपतचे रांजण तेवढे बंगल्याच्या परसात हलवायचे होते. आठ दिवसांत इकडची भांडी तिकडं आणि तिकडची इकडं झाली. सरस्वती वरवर रडली. पण चूल दोन पावलांवर आली हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

पहिल्या सकाळी हणमंत अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कट्ट्यावर बसला. बशीत चहा ओतला. ऊन मधल्या कमानीवर आलं, उजवीकडं उतरलं. एक धुराडंसुद्धा नजरेआड नव्हतं. दोन वर्षांत हणमंतला आपलं घर असं दिसलं नव्हतं. त्यानं पहिला भुरका मारला.

तेवढ्यात वरची एक खिडकी उघडली. गणपतनं कोपरं टेकून बाहेर पाहिलं आणि हसून हात वर केला. रस्त्यानं दोघी बायका घागरी घेऊन चालल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "हा गणपतरावांचा बंगला." कालपर्यंत तो गण्या होता.

हणमंतची बशी तशीच हातात राहिली. चहावर साय धरली. सरस्वती दारात येऊन उभी राहिली.

"आता काय झालं? दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय," हणमंत म्हणाला. त्याचे डोळे समोरून हलले नाहीत. "केवढं घर आहे गं त्याचं."